तळीचा पाचवा हात

आधी नागोजीअण्णांचं नाव लिहितो, मग काय झालं ते सांगतो. पूर्ण नाव डॉक्टर नागोजीराव. बेंगलोरमध्ये फार जुनी मराठी घरं आहेत. कुठल्या तरी फौजेबरोबर पूर्वज आले आणि इथलेच झाले, अशी. त्यातल्या एका घरातले ते. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायचं त्यांचं काम. आम्हाला ते तोवर फक्त पाहून माहीत होते, कारण राजाजीनगरात आम्ही ज्या घरात खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, त्याच्या मालकाचे ते मित्र. कधी रविवारी वर जेवायला यायचे, जिन्यात दिसले की मान हलवायचे, एवढीच ओळख. त्यांना देवानं पाठवलं का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, मला याचं उत्तर देता येत नाही. पण प्रश्न मलाही सुटत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आम्ही आटपाडीकडचे. आमच्या भागातली पोरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळून शुद्ध करणं. मीही मिसरूड फुटायच्या आत मामाच्या हाताखाली बेंगलोरच्या पेठेत आलो. भाषा येत नव्हती, भात जिरत नव्हता, आणि रात्री झोपताना गावाकडच्या माळावरचं वारं कानात घुमायचं. पुढं लग्न झालं, मंगल आली, सोनाली झाली. कानडी जेमतेम दुकानापुरतं आलं. जीव मात्र सदा घाबरा. परमुलखात काही झालं तर हाक कुणाला मारायची, ही भीती कामात असतानाही मनात कुठंतरी असायचीच. त्या भीतीवर माझ्याकडं एकच औषध होतं, देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक. येताना आईनं तो फडक्यात बांधून दिला होता. चंपाषष्ठीला तळी भरायची, एकदाही चुकवायची नाही, हे तिचं सांगणं.

तळी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, ठेवतात. पाच जणांनी मिळून ते ताम्हण हातावर धरायचं आणि येळकोटाच्या गजरात तीनदा वर उचलायचं. भंडारा उधळायचा, खोबरं वाटायचं. पाच हात लागतातच. गावाकडं दारातून ओरडलं तरी पंचवीस जण येतात. बेंगलोरात पाच जण जमवणं म्हणजे आठवडाभराची खटपट. त्या वर्षी मी, मेहुणा दत्तू, शेजारच्या खोलीतला विलास आणि दुकानातला एक सोबती असे चौघे होतो. पाचवा आमचा गाववाला बबन. त्याची गावाकडून येणारी गाडी वाटेत बिघडली आणि तो काही पोहोचेना.

चंपाषष्ठी त्या वर्षी रविवारी आली होती. सोनाली तेव्हा बालवाडीत जायची. आदल्या रात्रीपर्यंत ती घरभर नाचत होती, "उद्या खोबरं, उद्या खोबरं" म्हणत. सकाळी उठली ती तापानं फणफणलेली. घसा दुखतो म्हणाली, पण आवाज तिचा वाटेना. तोंडात गरम घास धरून बोलावं तसा दबलेला, घुमा. खोकला नाही, सर्दी नाही. पाणी दिलं तर ओठाला लावून परत केलं. थोड्या वेळानं लाळ गळायला लागली आणि फ्रॉकचा गळा भिजला. मंगलनं मांडीवर आडवी घेतली तर पोर धडपडून उठून बसली. मग कोपऱ्यातल्या पाटावर जाऊन बसली, दोन्ही हात पुढं टेकून, मान लांबवून, हनुवटी वर काढून. तोंड उघडंच. श्वास आत घेताना बारीक सूं आवाज. अशी बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

आता आमचं डोकं कसं चाललं पाहा. आदल्या दिवशी ती मंगलबरोबर दुकानात आली होती आणि तेव्हा तेजाब उकळत होतं. गलाईवाल्याला घशाचं काहीही झालं की पहिला संशय तेजाबाच्या धुरावर. त्यावर आमचा पिढीजात उपाय गूळ. मी गुळाचा खडा पुढं केला, तिनं तोंड फिरवलं. विलासची आई, आमच्या सगळ्यांची हौसाकाकू, तिनं लांबूनच निकाल दिला. "धूर न्हाई नि बिर न्हाई. पडजीभ पडलीया पोरीची. लाळ बघ की कशी गळती. तळी झाली की उचलून देते." पडजीभ उचलणं म्हणजे अंगठ्याला मीठ-मिरी लावून घशात घालायचा आणि टाळूला दाबायचं. काकूचा हात त्यात नावाजलेला. बेंगलोरातल्या आमच्या गलाईवाल्यांच्या निम्म्या पोरांची पडजीभ तिनं उचललेली होती, माझीसुद्धा एकदा.

मंगलचं म्हणणं, आधी डॉक्टर. पण कोपऱ्यावरचा दवाखाना रविवारी बंद. मला वाटलं, तळी उरकू, देवाचा भंडारा पोरीच्या जिभेवर ठेवू, काकू पडजीभ उचलेल, आणि तरीही नाही उतरलं तर मोठ्या दवाखान्यात नेऊ. पाचव्या माणसासाठी जीव खालीवर होत होता. विलास जिन्यात उभा होता, आणि तेवढ्यात नागोजीअण्णा हातात केळ्यांचा फणा घेऊन वर जेवायला निघालेले त्याला दिसले.

"अण्णा, जरा हात लावता का? तळीला एक माणूस कमी पडतंय."

"तळी? मैलाराची?" ते थांबले. खंडोबाला कानडी मुलखात मैलार म्हणतात. "अय्यो, आमच्या घरीपण तोच की. सरी, चला. वर पुरणपोळी आहे, ती स्वल्प थंड झाली तर देवाला बोल लावीन." केळी जिन्यावर ठेवून, बूट काढून, हातपाय धुऊन ते आत आले. त्यांचं मराठी ऐकून काकूला हसू फुटलं. "काय गोड बोलतंय हे माणूस, निम्मं कळतंय निम्मं न्हाई." त्यावर अण्णा म्हणाले, "अक्का, तुमचंपण तसंच."

आम्ही पाच जणांनी ताम्हण धरलं. येळकोट म्हणत पहिल्यांदा वर उचललं. भंडारा उडाला, सगळी खोली पिवळी झाली. दत्तूनं खोबऱ्याचे तुकडे उधळले, त्यातला एक सोनालीच्या पायाशी जाऊन पडला. तिनं मान हलवली नाही. डोळे फक्त तिकडं वळले आणि परत जागेवर आले. आम्ही दुसऱ्यांदा उचलणार तेवढ्यात मला जाणवलं की ताम्हण एका बाजूनं जड झालंय. अण्णांचा हात वर येत नव्हता. ते कोपऱ्यात बघत होते.

"खाली ठेवा," ते हळूच म्हणाले.

काकू ताडकन उठली. "अवं, तळी अर्ध्यावर ठेवत न्हाईत! देवाचा कोप व्हईल."

"अक्का, देवाला सांगा, नागोजीनं ठेवायला लावली. कोप माझ्यावर."

ताम्हण खाली आलं. आमच्या घरात तळी अशी कधी मोडली नव्हती. पण त्यांच्या आवाजात काहीतरी असं होतं की हात आपोआप खाली गेले. मला वाटलं आता ते पोरीला उचलतील, छाती तपासतील. ते तिच्याजवळ गेलेच नाहीत. लांबच फरशीवर मांडी घालून बसले आणि नुसते बघत राहिले, तिचा गळा, हनुवटी, लाळ. मंगलला एवढंच विचारलं, कधीपासून, खोकला आहे का, झोपते का. काकूनं मधल्या वेळात अंगठ्याला मीठ लावलं होतं. ती सोनालीकडं वाकली, तशी त्यांनी मनगट धरलं. झटकलं नाही, ओरडले नाहीत. "मुट्टबेडी, अक्का. हात लावू नका. हिला तोंड उघड म्हणून सांगूपण नका."

मग हळू आवाजात, जणू रोजच्या गप्पा चालल्यात असं, त्यांनी आम्हाला सांगितलं. श्वासाच्या नळीच्या तोंडावर एक झाकण असतं, आपण गिळतो तेव्हा ते नळी झाकतं. या पोरीचं ते झाकण जंतूनं सुजलंय असं त्यांना वाटत होतं. थोडीशी फट उरलीय, त्यातून ती श्वास घेतेय. पुढं वाकून, हनुवटी काढून ती स्वतःच ती फट उघडी ठेवतेय. घशात बोट, चमचा, काहीही गेलं किंवा ती जोरात रडली, तर फट बंद होऊ शकते. आडवी केली तरी तेच. खायला-प्यायला काही नको. भंडारासुद्धा जिभेवर नको. "कपाळाला लावा," ते म्हणाले, "देव तिथंपण असतो."

ते वर गेले, मालकांच्या फोनवरून मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची खोली आणि कान-नाक-घशाचे सर्जन तयार ठेवायला सांगितलं, आणि मालकांना गाडी काढायला लावली. सोनाली मंगलच्या मांडीवर जशी होती तशीच बसली, अण्णा शेजारी, मी पुढं. वाटेत गर्दी लागली तेव्हा मालकांनी हॉर्न वाजवला. "हॉर्न नको," अण्णा म्हणाले, "दचकेल." मग मला म्हणाले, "तिला आवडती गोष्ट सांगा. हळू." एवढ्या भीतीत मला गोष्ट कुठली आठवणार? मी पाठीमागं वळून तिला मुशीची, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्याची, गोष्ट सांगायला लागलो. ती दुकानात आली की तिला तेच बघायचं असायचं. मूस आधी काळी असते, मग लाल होते, मग नारिंगी. आत सोनं असतं, वेडंवाकडं, आजीच्या पाटल्या, कुणाचं डूल. ते आधी घाम आल्यासारखं चमकतं, मग एकदम पाणी होतं. सोनाली माझ्याकडं बघत होती. सूं आवाज येत होता, पण ती रडली नाही. बोलता बोलता मी म्हणालो, "आणि सोनं पाणी झालं की पप्पा काय म्हणतात? कुणी मुशीला हात लावायचा नाही." आणि परत पहिल्यापासून, काळ्या मुशीपासून, सुरुवात केली.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं सुई काढली होती. अण्णांनी त्यालाही डोळ्यांनी थांबवलं. झोपल्याशिवाय टोचायचं नाही. मंगलला त्यांनी ऑपरेशनच्या खोलीत आत नेलं. मला हे फार नवल वाटलं, पण पोर आईच्या मांडीवर बसूनच झोपली पाहिजे असं त्यांचं म्हणणं. नाकातोंडासमोर भुलीचा वास धरून त्यांनी तिला बसल्या बसल्या झोप आणली, मग मंगलला बाहेर पाठवलं. सर्जन शेजारी हत्यारं मांडून उभे होते. तोंडातून नळी गेली नाही तर गळ्याला भोक पाडून श्वास द्यायची तयारी. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून आपले तळवे बघत होतो. भंडाऱ्यानं पिवळे झालेले. मनात एकच चक्र फिरत होतं. तळी मोडली म्हणून आता ही जाणार, की तळीसाठी माणूस बोलावला म्हणून ही राहणार? मी देवाला नवस बोलायला गेलो आणि काय बोलू ते सुचेना. बकरं, पायी वारी, सोन्याचा डोळा, सगळं तोंडाशी येऊन परत गेलं. शेवटी मी नुसता म्हणालो, तुझ्या हातात आहे. आणि खरं सांगतो, माझ्या हातांना तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, म्हणूनच ते वाक्य पहिल्यांदा मनापासून निघालं असेल.

दार उघडून अण्णा बाहेर आले. डोक्यावर हिरवी टोपी, आणि तिच्या काठाखाली कपाळावर भंडाऱ्याची पिवळी रेघ तशीच. "नळी बसली," ते म्हणाले. "छान गुलाबी झालीय पोरगी."

झाकण पिकल्या बोरासारखं लालभडक होतं, असं त्यांनी सांगितलं. आजाराचं नाव एपिग्लॉटायटिस. नळी असताना तिला बोलता येत नव्हतं, झोपेचं औषध चालू होतं, नळी ओढू नये म्हणून हात मऊ पट्टीनं बांधलेले. शिरेतून जंतू मारायचं औषध. हे सगळं बघताना मी घाबरलेला असायचो आणि तरी मला प्रश्न पडत राहायचे. मी अण्णांना विचारायचो, झाकण सुजतं तर मग बाहेरून काहीच कसं दिसत नाही? ती पुढं वाकून बसली हे तिला कुणी शिकवलं? ते दमून आलेले असायचे, तरी सांगायचे. एकदा त्यांनी खिशातलं विड्याचं पान काढून पेल्याच्या तोंडावर धरलं आणि उघडझाप करून दाखवली. मला एकदम आमच्या मामाचा जुना भाता आठवला. मी म्हणालो, "अण्णा, म्हणजे भात्याची झडप. कातडं फुगलं की वारा आत जात नाही, मग कितीही दाबा." त्यांनी पान खाली ठेवलं. "भात्याला झडप असते? दाखवाल मला?" आणि पुढं ते खरोखर दुकानात आले, भट्टीसमोर उकिडवे बसले, झडप बोटानं उघडून पाहिली, आणि मूस किती तापली की सोनं वितळतं, तेजाब चांदीला खातं आणि सोन्याला का खात नाही, असं लहान मुलासारखं विचारत राहिले. त्यातलं निम्मं मलाही सांगता आलं नाही. दोघंही हसलो.

सूज उतरली तशी नळी काढली. सोनालीनं खाकरून, घोगऱ्या आवाजात पहिलं काय म्हटलं असेल? "माझं खोबरं कुणी खाल्लं?" अण्णा म्हणाले, "मी नाही अम्मा, मी तर पुरणपोळीपण खाल्ली नाही."

घरी आल्यावर माझ्या मनातली रुखरुख मी हौसाकाकूला सांगितली. तळी मोडली, आता नव्याने भरायची का, प्रायश्चित्त काय? ती म्हणाली, "देवाला मोजता येतंय की. एकदा उचलली, दोनदा ऱ्हायली. ऱ्हायलेली तेवढी उचला." आणि वर म्हणाली, "पर त्या गोड बोलणाऱ्याला बोलव." मग नागोजीअण्णा परत आले, बबनही आलेला होता, पण त्यानं आपली जागा आपणहून सोडली. राहिलेल्या दोन वेळा आम्ही तळी उचलली. काकूनं स्वतःच्या हातानं अण्णांच्या कपाळाला भंडारा लावला, त्याच अंगठ्यानं. त्यानंतर तिनं कुणाच्या पोराची पडजीभ उचलली नाही. कुणी आलंच तर ती आधी लाळ बघते, आवाज ऐकते आणि म्हणते, बसवूनच न्या, मोठ्या दवाखान्यात. हे वाचणाऱ्या आईबापांनाही माझं एवढंच सांगणं. एकाएकी ताप, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज दबलेला, पोर पुढं वाकून श्वासासाठी धडपडतंय, तर घशात डोकावू नका, कुणाला डोकावू देऊ नका, मांडीवर बसवून लगेच न्या. या जंतूवर लस निघाली आहे असंही अण्णांनी सांगितलं होतं, ती डॉक्टरांना विचारा.

बाकी मी काय शिकलो? इतकी वर्षं मी देवाला धरून होतो तो मूठ आवळून. तळी चुकली तर, पाच हात नाही जमले तर. त्या दिवशी चारच हात जमले, आणि त्या उणिवेच्या जागेतूनच तो माणूस आत आला. बबनची गाडी वेळेवर आली असती तर? हा विचार अजून मधूनच येतो. देवानं गाडी बिघडवली असं मी म्हणत नाही, त्या गाडीत इतरही लेकुरवाळी माणसं होती. पण आता काही उणं पडलं की मी पूर्वीसारखा धावाधाव करत नाही. थोडा थांबतो. दारातून कोण येतंय ते बघतो.

त्या राहिलेल्या तळीच्या दिवशी जाताना अण्णा जिन्यात सहज बोलून गेले. त्यांच्या घरी पूर्वी मोठी तळी व्हायची. वडील गेले, भाऊ अमेरिकेला, चुलते म्हैसूरला. "आता मी एकटाच देवापुढं भंडारा ठेवतो. एका हातानं तळी कुठं उचलते?" त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते कामासाठी आखातात गेले. घराला कुलूप आहे. मालकांकडं निरोप येतो, येणार म्हणतात, अजून आलेले नाहीत. मी त्यांना काही देऊ केलं तेव्हा त्यांनी माझ्या हातातला विडा तेवढा घेतला होता, बाकी नाही. तेव्हा हे इथं लिहून ठेवतो, देवासमक्ष आणि तुमच्यासमक्ष. नागोजीअण्णा, तुमच्या दाराचं कुलूप ज्या वर्षी निघेल, त्या चंपाषष्ठीला मी, दत्तू, विलास आणि बबन सकाळीच तुमच्या दारात उभे असू. सोनाली खोबरं घेऊन येईल. आमच्या ताम्हणाला तुम्ही पाचवा हात दिलात. तुमच्या ताम्हणाला पहिला हात तुमचा, उरलेले चार मी देणं लागतो.